परत येणाऱ्यांचं साहस

मित्रांच्या गप्पांत 'ॲडव्हेंचर' हा शब्द निघाला की दोनच प्रकारची माणसं डोळ्यांसमोर येतात. एक, नोकरीचा राजीनामा देऊन मोटारसायकलवर लडाखला गेलेला. दुसरा, एव्हरेस्टवर झेंडा लावून आलेला. उरलेले आपण सगळे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी किराणा आणि रविवारी नातेवाईक करणारे. आपण त्यांचे व्हिडिओ बघतो, 'एकदा करायचंय यार' म्हणतो आणि झोपतो.

मी इंदूरला राहतो. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय छत्तीस. घरात आई-बाबा, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि फ्लॅटचा हप्ता. यातलं काहीच सोडून कुठे जायची माझी इच्छा नाही. तरीही गेली चार-पाच वर्षं मी जमेल तसा भटकतोय, आणि त्यातून एक गोष्ट पटली आहे. साहस हे सगळं सोडून जाणाऱ्यांसाठी राखीव नाही. आपल्या भागात तर नाहीच नाही. इथे लहानातल्या लहानापासून मोठ्यातल्या मोठ्या वाटेपर्यंतच्या पायऱ्या कित्येक पिढ्यांपासून तयार आहेत. आपण त्यांना साहस न म्हणता परिक्रमा म्हणतो, इतकंच. परिक्रमा म्हणजे निघायचं, पूर्ण फेरा घालायचा आणि जिथून निघालो तिथे परत यायचं.

आपण निघालेल्यांचीच नातवंडं

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक गोष्ट सांगितली जाते. 'आमचे मूळ पुरुष होळकरांच्या लष्कराबरोबर आले', किंवा शिंद्यांकडे कारकुनीला लागले, किंवा गायकवाडांनी त्यांना बडोद्याला बोलावून घेतलं. लग्नाच्या बैठकीत ही गोष्ट हमखास निघते. पण तिचा अर्थ कुणी फारसा मनावर घेत नाही. कोकणातला किंवा देशावरचा एक माणूस, ज्याला पुढची भाषा येत नव्हती, ज्याच्याकडे नकाशा नव्हता, तो नर्मदा ओलांडून इकडे आला, म्हणून आपण इथे आहोत.

अशा प्रवासाची सविस्तर हकीकत आपल्या भाषेत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेला निघाले. कारण अगदी घरगुती होतं. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी होती. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली. विष्णुभट झाशीच्या वेढ्यात सापडले, पुन्हा पुन्हा लुटले गेले, आणि शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झालं. इतिहासासाठी तर ते वाचावंच, पण आमच्या पिढीनं त्यात आणखी एक गोष्ट बघावी. तिशीच्या आतला एक कुटुंबवत्सल माणूस, घरच्यांची समजूत घालून, जोडीदार ठरवून निघतो आणि परत येतो. घर सोडून पळालेल्या माणसाची ही गोष्ट नाही.

पाच ते नऊ

अगदी लहान पायरीसाठी मला उपयोगी पडला तो एक इंग्रज. ॲलिस्टर हम्फ्रीज हा माणूस २००१ ते २००५ अशी चार वर्षं सायकलवरून जगभर फिरला. साठ देश, सुमारे ७४,००० किलोमीटर. कावेरीच्या काठाकाठानं त्यानं दक्षिण भारत पायी ओलांडला. एवढं सगळं केलेल्या माणसानं नंतर काय करावं? लंडनभोवती एम-२५ नावाचा वर्तुळाकार हमरस्ता आहे, आपल्या बायपाससारखा. ऐन हिवाळ्यात त्याच्या कडेकडेनं तो एका मित्राबरोबर चालत निघाला आणि अख्खी फेरी पूर्ण केली. कंटाळवाण्या, रोजच्या जागीही अनोळखी जगात गेल्यासारखं वाटतं का, हे त्याला तपासायचं होतं. वाटलं. मग त्यानं अशा छोट्या साहसांचाच प्रचार सुरू केला, आणि नॅशनल जिऑग्राफिकनं वर्षाच्या साहसवीरांत त्याची निवड केली ती मुख्यतः या लहान फेऱ्यांसाठी.

त्याचा हिशेब सोपा आहे. नऊ ते पाच नोकरीचे, असं आपण म्हणतो. पण पाच ते नऊ, म्हणजे संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत, सोळा तास आपलेच असतात. त्यात गावाबाहेर जाऊन, एक रात्र काढून परत कामावर येता येतं.

इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये पाचला निघणं अवघड, पण हिशेब इथेही बसतो. मी पहिल्यांदा केलं ते असं. गुरुवारी साडेपाचला ऑफिसमधून थेट बस, सिमरोल-चोरल-बडवाहमार्गे नऊच्या सुमारास ओंकारेश्वर. धर्मशाळेत झोप. पहाटे साडेचारला उठून ओंकार पर्वताची परिक्रमा. ही वाट साधारण सात किलोमीटरची. नर्मदा आणि कावेरी (दक्षिणेतली नव्हे, आपल्या निमाडातली छोटी कावेरी) यांच्या मधलं हे बेट. संगमावर ऋणमुक्तेश्वर, वर चढल्यावर गौरी-सोमनाथ, पुढे सिद्धनाथाच्या जोत्यावर कोरलेले हत्ती. वाटेत माकडं पिशवीवर लक्ष ठेवून बसलेली. सूर्य वर येईपर्यंत फेरा पूर्ण, परतीच्या वाटेवर पोहे, आणि साडेदहाच्या मीटिंगला मी टेबलावर हजर. शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, 'काल काय केलंस?' मी सांगितलं, तर त्याला वाटलं मी सुटीवर होतो.

पायऱ्या

ओंकार पर्वत ही पहिली पायरी. दुसरी गुजरातेत आहे, बडोदेकरांना जास्त सोयीची. तिलकवाडा-रामपुरा भागात नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वाहते. चैत्र महिन्यात तिथे उत्तरवाहिनी परिक्रमा होते, ती एका दिवसात पूर्ण होते. तिसरी पायरी उज्जैनची पंचक्रोशी: पाच दिवस, ११८ किलोमीटर. आणि सगळ्यात वर नर्मदा परिक्रमा. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटरची नदी, तिचे दोन्ही काठ पायी. परंपरेनं कालावधी तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचा प्रवाह कुठेही ओलांडायचा नाही. ओंकारेश्वराहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण तटानं पश्चिमेला जातो, विमलेश्वरला नावेत बसून समुद्राच्या तोंडावरून मिठी तलाईला उतरतो, उत्तर तटानं उलट अमरकंटकपर्यंत चढतो आणि पुन्हा दक्षिण तटानं ओंकारेश्वरला येतो. जवळ सामान जेमतेम. मुक्काम आणि शिधा काठावरच्या लोकांच्या भरवशावर. 'नर्मदे हर' एवढ्या दोन शब्दांवर दार उघडतं.

'तीन वर्षं कुठून आणायची?' हा आपला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर जबलपूरच्या अमृतलाल वेगडांनी देऊन ठेवलं आहे. वेगड चित्रकार, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी, आणि जबलपूरला कलाशिक्षक. १९७७ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेच्या काठानं चालायला सुरुवात केली. पण एका दमात नाही. सुटी मिळाली की एक तुकडा चालायचा, घरी यायचं, शाळा-घर सांभाळायचं. पुढच्या सुटीत जिथे थांबलो होतो तिथून पुन्हा सुरू. असं वर्षानुवर्षं. पुढे पत्नी कांताबाईही बरोबर चालल्या. त्यातून 'सौंदर्य की नदी नर्मदा' आणि त्यापुढची पुस्तकं आली. २०१८ साली वेगड गेले.

मी प्रोग्रामर आहे. मोठं काम तुकडे करून, प्रत्येक तुकडा पूर्ण करून मगच पुढे जायचं, हे रोज करतो. पण भटकंतीबाबत आपण सगळे उलटं वागतो. 'केली तर पूर्ण, नाहीतर नाहीच.' वेगडांनी तुकड्यांत केली म्हणून त्यांची परिक्रमा कुणाला लहान वाटली नाही. उलट ते प्रत्येक तुकड्यात सावकाश चालले, थांबले, रेखाटनं केली.

मांडवीच्या काठची बोट

परिक्रमा हा शब्द आपल्या नौदलानंही उचलला आहे. एका भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना. मोहिमेचं नाव 'सागर परिक्रमा'. नौदलानं विचारणा केली तेव्हा पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. पण अशी बोट भारतात कुणी बांधली नव्हती. ती बांधायला घेतली गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांनी. छप्पन फुटांची ही बोट. नाव ठेवलं 'म्हादेई', मांडवीचंच मूळ नाव.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि नऊ महिन्यांनी, १९ मे २०१० ला मुंबईत परतले. वाटेत फक्त चार बंदरांत थांबले: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

मला या मोहिमेतली निघण्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात. दोंदे २००६ मध्येच या कामाला लागले होते. बोट बांधली जात असताना ते तिच्याजवळ होते, म्हणजे भर समुद्रात काही मोडलं तर कुठे काय आहे हे ठाऊक असावं. एकट्यानं जगप्रदक्षिणा केलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन ते शिकले. बोट पाण्यात उतरल्यावर आधी कोलंबो, मग मॉरिशस, असा वाढत्या अंतरांचा सराव केला. पायऱ्याच. पुढे याच दांडेकरांनी बांधलेल्या 'तारिणी' बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीला फेरा घालून २१ मे २०१८ ला गोव्यातच परत आल्या.

'काय गरज आहे?'

हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात विचारला जातो. आमच्या घरी आई विचारते, आणि तिच्या विचारण्याला कारण आहे. तिचा मामेभाऊ कॉलेजच्या सहलीत एका धबधब्याखाली वाहून गेला. वय एकोणीस. आजोळी अजून त्याचा फोटो आहे. त्यामुळे 'पावसाळ्यात मित्रांबरोबर जातोय' म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. तिला 'तू उगाच काळजी करतेस' असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण ती उगाच करत नाही.

आपल्या भागाची रचनाच तशी आहे. माळव्याचं पठार दक्षिणेला एकदम तुटतं आणि खाली निमाड सुरू होतं. जिथे तुटतं तिथे ओढे कड्यावरून कोसळतात. पाताळपाणी, तिंछा हे त्यातलेच. पाऊस वर पठारावर, आठ-दहा किलोमीटर मागे पडतो. आपण उभे असतो तिथे ऊन असतं. वरचं पाणी एकत्र होऊन येतं तेव्हा काही मिनिटांत घोट्याएवढ्या पाण्याचं कमरेएवढं होतं. काळ्या दगडावर शेवाळ असतं, पाय टिकत नाही. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला सहलीला आलेली माणसं बघ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून काठावर चढायचं. पण खरा नियम त्याच्याही आधीचा. पावसाळ्यात धबधबा काठावरून, कठड्याच्या अलीकडून बघायचा. पात्रात उतरायचं नाही. सेल्फीसाठी तर नाहीच.

धाडस आणि आततायीपणा यांत फरक आहे तो तयारीचा. दोंद्यांनी तीन वर्षं तयारी केली. दारू पिऊन डोहात उडी मारणारा तीन सेकंदही विचार करत नाही. व्हिडिओत दोघंही शूरच दिसतात.

आईशी माझा एक करार झाला. निघण्याआधी फ्रिजवर कागद लावायचा. कुठे जातोय, बरोबर कोण, कुठल्या वाटेनं, परतीची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. हा कागद लावायला लागल्यापासून तिचे प्रश्न बदलले. 'काय गरज आहे' जाऊन 'पाणी किती घेतलंयस' आलं.

आणि मग एक दिवस तिनं तो कागद वाचता वाचता विचारलं, 'मला कुणी विचारलंय का, कुठे जायचंय म्हणून?'

तिला पंचक्रोशीला जायचं होतं. लग्न झाल्यापासून. उज्जैनला आत्याबाईंच्या ओटल्यावर उभी राहून ती दरवर्षी डोक्यावर गाठोडी घेतलेल्या खेड्यातल्या बायका जाताना बघायची. आधी आम्ही लहान, मग आजी आजारी, मग बाबांची नोकरी. आता ती त्रेसष्ट वर्षांची आहे.

आम्ही तयारी केली. डॉक्टरांना दाखवलं. चार महिने कॉलनीच्या बागेत रोज फेऱ्या, हळूहळू वाढवत. डिसेंबरात ओंकार पर्वताची परिक्रमा, तिथे ती माझ्या पुढे होती. पंचक्रोशी इथल्या पंचांगाप्रमाणे वैशाख कृष्ण दशमीला सुरू होते आणि अमावस्येला संपते. आपल्या घरच्या मराठी पंचांगात तो चैत्र वद्य पक्ष असतो, म्हणून तारीख दोनदा तपासावी लागते. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे लोक रात्री-पहाटेच चालतात. सुरुवात पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून. इथे नारळ वाहून देवाकडून चालण्यासाठी बळ मागून घ्यायचं. यात्रा पूर्ण झाली की परत येऊन मातीचा घोडा वाहायचा आणि घेतलेलं बळ देवाला परत करायचं.

पहिला पडाव पिंगळेश्वर, बारा किलोमीटर. आई मजेत होती. वाटेत गावकरी ताक, पाणी, सरबत घेऊन उभे. पडावावर शेणीवर बाट्या भाजणाऱ्या बायकांमध्ये ती जाऊन बसली आणि तासाभरात सगळ्यांची चौकशी करून आली. दुसरा टप्पा करोहनपर्यंत, तेवीस किलोमीटर. त्यात तिच्या दोन्ही टाचांना फोड आले. वैद्यकीय तंबूत पट्टी झाली. मी काही बोललो नाही. तिनं रात्रभर विचार केला आणि पहाटे म्हणाली, 'बस बघ. उरलेलं पुढच्या वर्षी.' पस्तीस किलोमीटर चालून आम्ही बसनं घरी आलो.

मातीचा घोडा अर्थातच वाहिला नाही. कुणी विचारलं की ती सांगते, 'देवाचं बळ माझ्याकडे आहे अजून, परत द्यायचंय.' सध्या ती पुन्हा बागेत फेऱ्या घालते, या वेळी चांगल्या बुटांमध्ये.

तुमची पहिली फेरी

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर माझं उत्तर एकच. आपल्या गावच्या नदीचा उगम बघून या. आपण तिचं पाणी पितो किंवा तिच्या पुलावरून रोज जातो, पण ती कुठून येते हे माहीत नसतं. इंदूरकरांना चंबळेचा उगम महूजवळ जानापावच्या डोंगरावर आहे. बडोदेकरांची विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, हैदराबादकरांची मुसी विकाराबादजवळ अनंतगिरीच्या टेकड्यांत. बेळगावकरांना तर दोन नद्या आहेत. मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, आणि गोवेकरांची म्हादेई त्याच तालुक्याच्या जंगलात. एका दिवसाचं काम आहे. पावसाळा टाळा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम.

थोड्या कामाच्या गोष्टी:

- नवीन बूट घालून लांब चालायला निघू नका. फोड येतात ते ओल आणि घासणं यांमुळे. मोज्यांचा जास्तीचा कोरडा जोड ठेवा आणि टाच गरम वाटायला लागताच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर उशीर झालेला असतो.
- पाणी माणशी दोन लिटर तरी, उन्हाळ्यात जास्त. टॉर्च वेगळा घ्या, मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखा.
- अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि वेळा बघून जा. शेतात मुक्काम करायचा तर मालकाला विचारा. नीट विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, वर चहा देतात.
- लहान मुलं असतील तर पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढा. आम्ही डिसेंबरात काढली. मुलीनं तीनदा उठून 'सकाळ झाली का?' विचारलं आणि शाळेत जाऊन सगळ्यांना आम्ही जंगलात झोपल्याचं सांगितलं.
- घरातल्या मोठ्यांना 'येता का?' म्हणून एकदा तरी विचारा. नाही म्हणाले तर म्हणाले.
- आणि फ्रिजवर कागद.

माझा स्वतःचा बेत आता ठरला आहे. नर्मदेचा पहिला तुकडा, ओंकारेश्वरपासून दक्षिण तटानं पश्चिमेला सहा दिवस, दिवाळीनंतरच्या सुटीत. दिवसाला अठरा-वीस किलोमीटर धरले तर शंभरच्या आसपास होतील. या वेगानं अख्खी परिक्रमा पूर्ण व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतील, म्हणजे निवृत्तीनंतरच. बायकोनं हिशेब ऐकला आणि म्हणाली, 'मग दुसऱ्या तुकड्याला मी आहे.' रजेचा अर्ज टाकून ठेवला आहे.